भाऊकी, सोयरीक आणि सेंटीमॉर्गन

आमच्या घरात थोरल्या आणि मधल्या काकांना एकाच घरातल्या दोन सख्ख्या बहिणी केल्या होत्या. कळंब तालुक्यातल्या आमच्या गावात याचं कुणाला नवल वाटलं नाही. बहिणी-बहिणी जावा झाल्या, घर एकत्र राहील, एवढाच त्या वेळचा विचार. पुढे दोघींचे थोरले मुलगे परदेशी गेले, एक न्यू जर्सीला आणि एक सिडनीला. दोघांनी आपापल्या ठिकाणी हौसेनं लाळेची नळी भरून डीएनए चाचणीला पाठवली. काही आठवड्यांनी दोघांच्या फोनवर एकमेकांचं नाव आलं. सोळाशेच्या वर सेंटीमॉर्गन जुळत होते आणि समोर संभाव्य नातं लिहिलं होतं, सावत्र भाऊ.

रात्री दीड वाजता मला न्यू जर्सीहून फोन आला. "दादा, आईबद्दल काही..." एवढं बोलून तो थांबला. पुढचं वाक्य त्याच्यानं बोलवेना. थोरली काकू जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

मी त्याला कागद घ्यायला लावला. वडिलांकडचे आजी-आजोबा लिही, आईकडचे लिही. आता सिडनीवाल्याचे लिही. चारही नावं तीच निघाली. साध्या चुलतभावांचे दोन आजी-आजोबा सामाईक असतात, या दोघांचे चारही होते. म्हणून आकडा दुपटीनं आला आणि सावत्र भावांच्या आकड्याशी जाऊन मिळाला. समजावून सांगायला दहा मिनिटं लागली. त्याचं मन जाग्यावर यायला आठ दिवस लागले. हे पुस्तक करायचं, हे त्या आठ दिवसांत ठरलं.

त्या आकड्यात चूक नव्हती. यंत्रानं जे मोजलं ते बरोबरच मोजलं होतं. चुकलं ते आकड्याचं नात्यात केलेलं भाषांतर. ते भाषांतर करणारा तक्ता ज्या समाजावरून तयार झाला, तिथे दोन बहिणी दोन भावांना देणं, साटंलोटं करणं, मामाची मुलगी करणं, बायको गेल्यावर तिच्या धाकट्या बहिणीशी लग्न लावणं या रोजच्या गोष्टी नाहीत. आपल्याकडे त्या होत्या आणि बऱ्याच ठिकाणी अजून आहेत. धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला आपल्या डीएनएच्या जुळण्या वाचायच्या असतील, तर आधी आपल्या सोयरिकी माहीत हव्यात. यंत्राचा क्रम त्यानंतर लागतो.

थोडं मुळापासून सांगतो. प्रत्येकाचा निम्मा डीएनए आईकडून येतो आणि निम्मा वडिलांकडून. पण आईनं दिलेला निम्मा भाग म्हणजे तिच्या आईवडिलांच्या भागांतून नव्यानं जोडलेली गोधडी असते. आजीच्या लुगड्याचा एक तुकडा, मग आजोबांच्या धोतराचा, पुन्हा आजीचा. पिढी बदलली की कात्री पुन्हा चालते. म्हणून नातं लांबत जातं तसे सामाईक तुकडे कमी आणि लहान होत जातात. हे तुकडे मोजायचं माप म्हणजे सेंटीमॉर्गन. हे इंचासारखं लांबीचं माप नाही. एका पिढीत जिथे तुकडा तुटण्याची शक्यता साधारण शंभरात एक असते, तेवढं अंतर म्हणजे एक सेंटीमॉर्गन. आई किंवा वडील आणि मूल यांच्यात साधारण ३४०० ते ३५०० सेंटीमॉर्गन जुळतात, सख्ख्या भावंडांत सरासरी २६०० च्या आसपास. सावत्र भावंडं, काका-पुतण्या, मामा-भाचा, आजोबा-नातू या सगळ्यांत सतराशे-अठराशेच्या घरात. साध्या चुलत, आते, मामे, मावस भावंडांत साडेआठशेच्या आसपास, आणि तिथेही चारशेपासून तेराशे-चौदाशेपर्यंत फरक पडतो. पुढच्या पिढीच्या चुलत-चुलत भावंडांत सरासरी सव्वादोनशे. त्याच्याही पुढे गेलं तर काही खऱ्या नातेवाइकांत एकही तुकडा सापडत नाही. म्हणून "जुळलं नाही म्हणजे नातं नाही" हे वाक्य दूरच्या नात्यात कधीही बोलू नये.

मात्र इथे मराठी माणसाच्या हातात एक हत्यार आहे, आणि त्याची किंमत मला फार उशिरा कळली. परदेशी कंपन्यांच्या यादीत "कझिन" हा एकच शब्द असतो. आपल्याकडे चार आहेत, आणि ते चार शब्द म्हणजे डीएनएच्या चार वेगळ्या वाटा आहेत. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, म्हणून दोन चुलतभावांचं वाय एकच असतं. आपण ज्याला भाऊकी म्हणतो ती वायचीच वाट. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे फक्त मुलीच तो देतात, म्हणून मावसभावंडांचा तो एक असतो. मामा आणि भाचा यांचाही एक असतो. मामाच्या मुलांकडे मात्र तो जात नाही, त्यांना त्यांच्या आईचा मिळतो. आते-मामे भावंडांत वायही सामाईक नाही आणि मायटोकॉन्ड्रियाही नाही. एक्स गुणसूत्राची वाट आणखी वाकडी. पुरुषाला ते फक्त आईकडून मिळतं, म्हणून दोन चुलतभावांचं एक्स जुळलं तर त्यांच्या आयांचं एकमेकींशी काही नातं आहे का, हे आधी विचारावं. आमच्या न्यू जर्सी-सिडनीच्या जोडीत एक्सचे मोठे तुकडे जुळत होते, कारण आया बहिणी. शिवाय काही ठिकाणी दोन्ही पदर एकदम जुळत होते, वडिलांकडचाही आणि आईकडचाही. सावत्र भावांत असं होत नाही, त्यांचा एकच पदर जुळतो. ती खूण त्या पडद्यावर होती. ती पाहायची असते हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.

या शास्त्राचं वय फार नाही. १९८४ साली इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अॅलेक जेफ्रीज यांना डीएनएचा ठसा घेण्याची रीत सापडली. तिचा पहिला उपयोग गुन्ह्यासाठी झाला नाही. १९८५ साली घानाहून ब्रिटनला परतलेला एक मुलगा आपल्याच आईचा आहे, हे सरकारला पटवून देण्यासाठी झाला. नात्याचा प्रश्न या शास्त्राच्या पाळण्यातच होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत लालजी सिंह यांनी १९८८ च्या सुमारास देशी पद्धत उभी केली आणि पितृत्वाचे वाद भारतीय न्यायालयांत त्या आधारानं लढले जाऊ लागले. वंशशोधासाठी चाचणी विकत देणारी पहिली मोठी कंपनी, फॅमिली ट्री डीएनए, २००० साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनला सुरू झाली. तिचा भर आधी वायवर आणि मायटोकॉन्ड्रियावर होता. सर्व गुणसूत्रांवरच्या जुळण्या सामान्य माणसाच्या हाती २००९ नंतर आल्या. २३ अँड मी, मग २०१२ ला अँसेस्ट्री, २०१६ ला मायहेरिटेज. दरम्यान २०१० साली जेडमॅच हे संकेतस्थळ निघालं आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे निकाल एका जागी ताडून पाहता येऊ लागले.

जुळण्यांचा अर्थ लावणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन संप्रदाय झाले. पहिला तुकडेवाल्यांचा. कोणत्या गुणसूत्रावर कुठून कुठपर्यंत तुकडा जुळतो ते पाहायचं, तिघांचा तोच तुकडा एकमेकांशी जुळला तर तिघांचा एक पूर्वज धरायचा आणि हळूहळू स्वतःच्या गुणसूत्रांचा नकाशा रंगवायचा. दुसरा गटवाल्यांचा. तुकडे बाजूला ठेवून कोण कोणाशी जुळतं एवढंच पाहायचं आणि जुळणाऱ्या माणसांचे रंगीत गट पाडायचे. २०१८ साली डेना लीड्स या अमेरिकी बाईंनी ही रीत इतकी सोपी करून मांडली की वही आणि चार रंगीत पेन्सिली असल्या तरी ती जमते. आजी-आजोबा चार म्हणून गट साधारण चार पडतात. तिसरा संप्रदाय शक्यतावाल्यांचा. एक अंदाजी वंशवेल मांडायची आणि मिळालेला आकडा कुठल्या जागी बसण्याची शक्यता किती, ते गणितानं काढायचं. त्यासाठी ब्लेन बेटिंजर यांनी हजारो लोकांकडून त्यांची ठाऊक नाती आणि त्यांचे आकडे गोळा केले. आज सगळे वापरतात तो तक्ता त्यातून आला.

तिन्ही रीती चांगल्या आहेत. पण तिन्हींच्या पोटात एक गृहीत धरलेलं आहे. आईकडचं आणि वडिलांकडचं माणूस वेगळं असतं, असं ते गृहीत. लीड्सबाईंचे चार गट आपल्याकडे करायला बसा. बहुतेक वेळा एकच मोठा गोळा पडतो, कारण सगळे सगळ्यांशी जुळतात.

याचं कारण इरावती कर्वे यांनी डीएनए हातात नसताना सांगून ठेवलं आहे. त्यांचा 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हा ग्रंथ १९५३ चा. उत्तरेत नात्यात लग्न वर्ज्य, दक्षिणेत मामाची मुलगी, आतेचा मुलगा, कुठे कुठे थेट मामा-भाचीसुद्धा, आणि महाराष्ट्र या दोन्हींच्या मधला, मामाची मुलगी चालते असं मानणारा. आपला जिल्हा तर या मधल्या पट्ट्याच्याही काठावर आहे. उमरगा, नळदुर्गच्या पुढे कर्नाटक लागतो. आळंद, बसवकल्याणच्या घरांशी सोयरिकी होतात, दोन्ही भाषा एकाच ओसरीवर बोलल्या जातात आणि लग्नाच्या चालीही दोन्हीकडच्या असतात. नवरा-बायको मामे-आते भावंडं असतील तर त्यांच्या मुलाचे पणजोबा-पणजी आठ नसून सहाच असतात, आणि त्याच्या गुणसूत्रांचा सरासरी सोळावा भाग दोन्ही पदरांना एकसारखा असतो. मामा-भाचीचं लग्न असेल तर हाच भाग आठवा होतो आणि एकच माणूस एका बाजूनं आजोबा, तर दुसऱ्या बाजूनं पणजोबा ठरतो. अशा घरात तिऱ्हाईत तक्त्यानं पिढ्या मोजणं म्हणजे फेर धरलेल्या बायकांत पहिली कोण ते विचारणं.

कर्वे यांनीच कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर १९६८ साली महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची शारीरिक मोजमापं आणि रक्ताचे गुणधर्म ताडून पाहिले. एकाच दर्जाच्या आणि जवळजवळ राहणाऱ्या या गटांतही फरक होते, कारण त्यांच्यात रोटी होती तरी बेटी नव्हती. पुढे २००९ साली सीसीएमबीचे कुमारसामी थंगराज आणि अमेरिकेतले डेव्हिड राइश यांच्या गटानं २५ समाजांतल्या १३२ माणसांचा डीएनए तपासला. २०१३ च्या त्यांच्या कामातून असं दिसलं की भारतातले वेगवेगळे समूह साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत भरपूर मिसळले, आणि नंतर ती मिसळ आटत गेली. २०१७ चा निष्कर्ष वंशशोधकासाठी सगळ्यात कामाचा. दक्षिण आशियातल्या तपासलेल्या २६३ गटांपैकी ८१ गट इतक्या थोड्या मूळ माणसांपासून वाढलेले निघाले की, या बाबतीत जगात ज्यांचं उदाहरण देतात त्या अश्केनाझी ज्यूंच्या आणि फिनलंडच्या लोकांच्याही पुढे गेले. त्यातल्या १४ गटांची लोकसंख्या दहा लाखांच्या वर आहे. म्हणजे समाज मोठा दिसतो, पण मुळाशी घरं थोडी.

याचा रोजच्या शोधात अर्थ असा. अमेरिकेतल्या मराठी मुलीला कुणी ऐंशी-नव्वद सेंटीमॉर्गनचा जुळणारा माणूस मिळतो आणि पणजोबांचे भाऊ शोधत ती सातबारे, फेरफार, वारसनोंदी पालथ्या घालते. हाती काही लागत नाही, कारण ते ऐंशी सेंटीमॉर्गन एका पूर्वजाकडून आलेले नसतात. अनेक जुन्या वाटांनी आठ-आठ, दहा-दहा करत ते साठलेले असतात. म्हणून आपल्याकडे एकूण बेरजेआधी सगळ्यात लांब अखंड तुकडा पाहावा. ऐंशीपैकी पन्नास एकाच तुकड्यात असतील तर नातं जवळचं. दहा तुकडे आठ-आठचे असतील तर बहुधा आपण एकाच जुन्या बेटीव्यवहाराच्या वर्तुळातले आहोत, यापलीकडे त्यातून काही काढू नये.

मराठी बोलणाऱ्या एका समाजावर असा अभ्यास तपशिलानं झालेला आहे, तो म्हणजे बेने इस्रायल. रायगडच्या किनाऱ्यावर पूर्वी तेल गाळणारे हे शनिवार तेली. गावावरून पडलेली पेणकर, केहिमकर अशी त्यांची आडनावं. इस्रायलला गेल्यावरही यांच्या घरांतून मराठी बोलली गेली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे स्पष्ट दिसले आणि ही मिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची असावी असा अंदाज निघाला. नौगावला जहाज फुटल्याची आठवण या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली होती. डीएनएनं त्या आठवणीतल्या माणसांची नावं सांगितली नाहीत, तारीखही नेमकी दिली नाही. दुरून आलेले आणि इथले मिळून हा समाज झाला, एवढं मात्र नक्की केलं. या शास्त्राकडून किती अपेक्षा धरावी याचं माझ्या मते हे चांगलं माप आहे.

आता कागदांकडे येतो. धाराशिवच्या कागदांची गोष्ट पुण्या-साताऱ्याच्या कागदांसारखी नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. जिल्ह्याला आधी नळदुर्ग म्हणत, मग उस्मानाबाद, २०२३ पासून धाराशिव. लातूर १९८२ साली याच जिल्ह्यातून निघाला. त्यामुळे औसा-निलंग्याच्या माणसाचे जुने कागद उस्मानाबादच्या नावानं असतात. काही भाग थेट सरकारी, तर काही पायगा आणि जहागिरींचा, म्हणून शेजारशेजारच्या दोन गावांची दप्तरं वेगळ्या वाटांनी गेली. जुन्या नोंदी मोडीत आणि उर्दू-फारसीत. पहाणीपत्रक किंवा खासरापत्रक वाचायचं तर आधी वाचणारा शोधावा लागतो. शिवाय सप्टेंबर १९४८ च्या आगेमागे इथली घरं विस्कटली. रझाकारांच्या भीतीनं लोक हद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे गेले, काही तिकडेच राहिले. हैदराबाद संस्थानावरच्या पोलिस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांत उस्मानाबाद हा सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांपैकी एक असल्याची नोंद सुंदरलाल समितीनं केली. त्या पळापळीत किती घरांच्या शाखा तुटल्या याचा हिशेब कुठल्याही वहीत नाही. दुष्काळानं १९७२ ला माणसं पुण्या-मुंबईला नेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानं किल्लारीबरोबर लोहारा-उमरग्याकडची सास्तूरसारखी गावं पाडली. तिथे कागद ढिगाऱ्याखाली गेले आणि कागद कोणाचे ते सांगणारी माणसंही गेली.

सरकारी कागद नसला तरी तोंडी वंशावळी आणि तीर्थक्षेत्रांच्या वह्या आहेत. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या आहेत. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात बैलावर बसून येणारे हेळवी घराची वंशावळ वाचून दाखवत. तुळजापूरबद्दल इथेच एक सावधगिरीची गोष्ट सांगून टाकतो, कारण परदेशातून विचारणा येते ती हमखास याच वाक्यानं. "आमचं कुलदैवत तुळजाभवानी, म्हणजे आम्ही धाराशिवचे का?" नाही. अर्ध्या महाराष्ट्राचं कुलदैवत तुळजापूर आहे. कुलदैवतावरून गाव ठरत नाही. देवक, कुळी आणि लग्नात कुणाकुणाशी सोयरीक चालत नाही याची घरातली यादी, या गोष्टी पुष्कळ जास्त सांगून जातात. एकच देवक असलेल्या घरांत लग्न होत नाही, म्हणून वायची भाऊकी शोधायला देवक ही चांगली पहिली खूण आहे. खूणच, पुरावा नव्हे.

वाय जुळलं की वंश सिद्ध झाला, असंही नाही. पाटीलकी, देशमुखी, कुलकर्णी वतन असलेल्या घरांत दत्तकाची चाल होती. निपुत्रिक वतनदार बहुधा भाऊबंदातलाच मुलगा मांडीवर घेई. म्हणून वंशावळीवर दत्तक असूनही वाय तेच राहतं आणि चाचणीला दत्तक दिसतच नाही. उलट घरजावयाच्या किंवा बहिणीच्या मुलाला घेतलेल्या घरात आडनाव एक आणि वाय दुसरं. दोन्हींत कुणी कुणाला फसवलेलं नसतं. ती त्या काळच्या कायद्याची आणि जमिनीची गरज होती.

पण असंही पुष्कळ आहे जे कुणी लिहू दिलं नाही. शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' १९८४ साली आलं. त्यांचं गाव हन्नूर अक्कलकोट तालुक्यात, म्हणजे आमच्या हद्दीपासून फार दूर नाही. आई दलित, बाप पाटील, आणि बापाच्या घरात मुलाला जागा नाही. या पुस्तकानंतर मराठी वाचकाला वंशावळ हा शब्द निरागसपणे वापरता येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. गावोगावच्या वाड्यांच्या वंशवेलींत जी माणसं नाहीत, ती डीएनएत आहेत. उद्या एखाद्या देशमुखाच्या पणतीला आपल्याच गावच्या दलित वस्तीतल्या कुटुंबाशी दोनशे सेंटीमॉर्गन जुळलेले दिसतील. त्या क्षणी ती काय बोलते आणि काय लपवते, यावर या साऱ्या उद्योगाची लायकी ठरेल. त्या घराला हवं असेल तर नातं मान्य करायचं, नको असेल तर त्यांच्या दारात जायचं नाही. निवड त्यांची. या बाबतीत मी तडजोड करायला तयार नाही.

सध्या हे सगळं इतकं निकडीचं का झालं? एक कारण मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. २०२३ साली मराठा आरक्षणाच्या प्रश्नात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला बसली, आणि गावागावांतली माणसं मोडी वाचणाऱ्यांकडे, तहसीलीत, शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टराकडे धावली. ज्या घरात आजोबांच्या पलीकडे कुणाला नाव ठाऊक नव्हतं, तिथे पाच-पाच पिढ्यांची वंशावळ लिहिली गेली. त्या दिवसांत मला कितीतरी जणांनी विचारलं, की डीएनए करून जात सिद्ध होईल का. उत्तर स्वच्छ आहे. होत नाही. जात गुणसूत्रावर लिहिलेली नसते. चाचणी फार तर दोन माणसांचं रक्ताचं नातं दाखवील. त्या नात्यातला पूर्वज दप्तरात कोण म्हणून नोंदला होता, हे दप्तरच सांगणार. कुणी पैसे घेऊन जातीचा डीएनए दाखला देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवावं. कर्वे यांनी तरुणपणी बर्लिनला जाऊन कवट्या मोजल्या आणि वंशाप्रमाणे कवटीत श्रेष्ठ-कनिष्ठ फरक असतो हे आपल्या प्राध्यापकाचं म्हणणं मोजमापात सापडत नाही, असं सांगितलं. ती शिस्त आपणही पाळायला हवी.

दुसरं कारण परदेशी दत्तक गेलेली मुलं. मुंबई-पुण्याच्या संस्थांतून युरोप-अमेरिकेत गेलेली बाळं आज चाळिशी-पन्नाशीची आहेत. १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आंतरदेशीय दत्तकाला नियम घालून दिले. त्याआधीच्या पुष्कळ कागदांत आईच्या नावाची जागा रिकामी आहे. या माणसांसाठी जुळण्यांची यादी हाच एकमेव कागद असतो. आणि आपल्या जिल्ह्यातले फार थोडे लोक चाचणी करतात, म्हणून त्यांची यादी आखूड. मॉरिशसच्या मराठी घरांचं नशीब यापेक्षा बरं. तिथल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिट्या मजुरांची नोंदणीपुस्तकं आहेत, त्यामुळे डीएनएला कागदाची जोड मिळते.

तिसरं कारण धोक्याचं. २०१८ साली कॅलिफोर्नियात एका जुन्या खुन्याला त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी जेडमॅचवर टाकलेल्या निकालांवरून पकडलं. खुनी सापडला ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या नातेवाइकांनी तशी संमती दिलेली नव्हती. २०२३ मध्ये २३ अँड मीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती फुटली. २०२५ च्या मार्चमध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि एवढ्या माणसांच्या लाळेची मालकी कुणाकडे जाणार, हा प्रश्न न्यायालयात आला. चाचणी एकटा माणूस करतो, पण उघडं पडतं सगळं खानदान. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगितल्याशिवाय नळी भरू नये.

कायद्याचंही थोडं सांगतो. लग्नाच्या संबंधात जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच मानायचं, असं १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ११२ सांगत होतं. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६ तेच सांगतं. नागपूर खंडपीठाकडून वर गेलेल्या एका पोटगीच्या खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं डीएनएचा निर्णायक निकाल या गृहीतकाच्या वर मानला. २०२३ साली मात्र त्याच न्यायालयानं बजावलं, की नवरा-बायकोच्या भांडणात मुलाची चाचणी सरसकट करायची नाही. तो मुलाच्या खासगीपणाचा प्रश्न आहे. हौशी चाचण्यांचे निकाल घेऊन वारसाहक्काच्या दाव्यात उतरू पाहणाऱ्यांनी हे दोन्ही निकाल आधी वाचून काढावेत.

या पुस्तकाचा बेत यातूनच ठरला आहे. डीएनए कागदाच्या पुढे धावणार नाही आणि कागद माणसाच्या पुढे धावणार नाही, असा. वाचकाला यात आधी आपल्या घराच्या सोयरिकी मांडायची रीत मिळेल, मगच सेंटीमॉर्गन. परदेशी तक्ते जसेच्या तसे दिलेले नाहीत. साटंलोटं, मामाची मुलगी, मेहुणीशी दुसरं लग्न, मामा-भाची अशा प्रत्येक प्रकारात आकडा कुठून कुठे सरकतो, ते दाखवायचा प्रयत्न आहे. ज्या घरांची उदाहरणं आहेत त्यांनी मसुदा वाचून होकार दिल्यावरच ती घेतली आणि गावं-नावं बदलली. चार घरांनी नकार दिला. त्यांच्या गोष्टी फार बोलक्या होत्या, पण त्या यात नाहीत.

एका ठिकाणी हे पुस्तक अपुरं आहे आणि ते अपुरेपण बायकांच्या नावांचं आहे. आपल्या वंशावळींत पुरुषांची रांग असते. बायको आलीच तर सासरच्या नावानं, कारण लग्नात तिचं पाळण्यातलं नावही बदललेलं. बापाचं आडनाव काय, माहेर कुठलं, हे दोन पिढ्यांत पुसलं जातं. डीएनएचा निम्मा धागा मात्र याच बायकांतून आलेला असतो. जुळण्यांच्या यादीत जी माणसं अनोळखी वाटतात, त्यांतली निम्मी या पुसलेल्या माहेरांची असतात.

म्हणून सगळं छपाईला जायच्या आधी मी मधल्या काकूंकडे वही घेऊन बसलो. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. दोन्ही बहिणी जावा झालेलं ते लग्न त्यांना मांडवासकट आठवतं. घरात आलेल्या बायका त्यांनी एकेक करून मोजल्या. आजेसासू, चुलत आजेसासू, आत्यासासवा, बाळंतपणात गेलेल्या, माहेरी परतलेल्या. सव्वीस झाल्या. त्यांतल्या अकराजणींची माहेरची नावं त्यांना सांगता आली, नऊजणींची नुसती गावं. उरलेल्या सहांपैकी दोघी उमरग्याकडच्या कानडी बोलणाऱ्या होत्या, एवढंच त्या ठामपणे सांगतात. त्या दोघींसाठी दिवाळीनंतर आळंदच्या बाजूला जायचं आहे. काकू सोबत येतो म्हणाल्या आहेत.